ही जागा उचलून दुसऱ्या गावात ठेवली तर?

गेल्या काही वर्षांत आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक शहरात एखादा तरी सुशोभीकरणाचा प्रकल्प चालू आहे. कुठे नदीकाठ, कुठे तलावाचा काठ, कुठे मंदिराभोवतीचा परिसर, कुठे जुना चौक. पुण्यातला मुळा-मुठा नदीकाठ प्रकल्प त्यातला सर्वांत मोठा. सुमारे ४४ किलोमीटर लांबीचा काठ, सुमारे ४,७०० कोटी रुपयांचा अंदाज, मार्च २०२२ मध्ये भूमिपूजन आणि एप्रिल २०२३ मध्ये झाडं वाचवायला निघालेला ‘चिपको’ मोर्चा. तेव्हापासून हा विषय पुण्यात घरोघरी आहे. आमच्या घरात तर जेवताना निघतो. एक जण म्हणतो, “फिरायला चांगली जागा झाली, काय वाईट आहे?” दुसरा म्हणतो, “नदीची गटार होती, आता गटाराला कठडा लावलाय.” आणि आई म्हणते, “छान आहे, पण पुण्यासारखं वाटत नाही.”

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते आईचं वाक्य. एखादी बांधलेली जागा ‘इथली’ वाटते आणि दुसरी कुठलीही वाटते, हे नेमकं कशामुळे होतं? हा निव्वळ आवडीनिवडीचा प्रश्न नाही. त्यामागे पाणी, दगड, उंची, सावली, रहदारी असली अगदी मोजता येणारी कारणं असतात. ती कारणं समजली की आपल्या गावातल्या प्रकल्पाबद्दल ‘छान’ किंवा ‘वाट लावली’ यापेक्षा नेमकं काहीतरी बोलता येतं.

जागा वेगळी, ठिकाण वेगळं

मराठीत हा फरक आपण रोज करतो. “जागा किती आहे?” या प्रश्नाला उत्तर चौरस फुटांत मिळतं. “ठिकाण कसं आहे?” या प्रश्नाला उत्तर देताना माणूस गोष्ट सांगायला लागतो. वास्तुरचनाकार ज्याला स्थानभान म्हणतात ते एवढंच: आपण अमुक एका ठिकाणी आहोत, दुसरीकडे कुठेही नाही, ही शरीराला आणि मनाला असलेली जाणीव. हा शब्द लेखात पुन्हा फारसा येणार नाही. त्याऐवजी आपण गावातल्या पाराकडे बघू.

पार म्हणजे काय? एक वड किंवा पिंपळ, त्याभोवती दगडांचा चौथरा. चौथऱ्याची उंची साधारण गुडघ्याच्या वर, म्हणजे म्हाताऱ्या माणसालाही टेकता येईल आणि पोराला उडी मारून चढता येईल अशी. तो असतो रस्ते जिथे मिळतात तिथे, म्हणून येणारा-जाणारा दिसतो. दुपारी सावली, संध्याकाळी वारा. बसायला पैसे लागत नाहीत आणि ‘इथे बसा’ अशी पाटीही लागत नाही. एसटीची वाट बघणारा, बाजाराला निघालेला, भांडण मिटवायला जमलेले, सगळे तिथेच टेकतात. पंचवीस-तीस वर्षांनी गावी परतलेला माणूस आधी पार शोधतो.

आता हाच चौथरा झाड काढून, चकचकीत ग्रॅनाइट लावून, रस्त्यापासून दूर, कुंपणाच्या आत बांधला तर? क्षेत्रफळ तेच, खर्च दुप्पट. दुपारी ग्रॅनाइट तापतं, संध्याकाळी फाटक बंद होतं, आणि रस्ता दिसत नसल्यामुळे तिथे बसून करायचं काय हेच कळत नाही. जागा तेवढीच राहिली, ठिकाण मात्र गेलं.

म्हणजे ठिकाण घडतं ते तिथल्या निसर्गाशी जुळवून घेतल्यामुळे, माणसाच्या शरीराच्या मापामुळे आणि तिथे आधीपासून चालत आलेल्या वहिवाटीमुळे. यातली एक जरी गोष्ट सुटली तरी उरतं ते नुसतं बांधकाम.

वाईच्या घाटावर

माझं आजोळ वाईचं. त्यामुळे काठ म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर कृष्णेचा गणपती घाट येतो. तिथल्या ढोल्या गणपतीला लाखो लोक जाऊन आले असतील, पण बहुतेक जण पुढून दर्शन घेऊन परततात. एकदा देवळाच्या मागे जाऊन भिंत बघावी. ती सपाट नाही. नदी ज्या बाजूने येते त्या बाजूला भिंतीला माशासारखा निमुळता आकार दिलाय. पुराचं पाणी आलं की ते भिंतीवर आदळत नाही, दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जातं. होडीची नाळ पाणी कापते तसंच, फक्त इथे होडी स्थिर आहे आणि पाणी चालतंय.

अठराव्या शतकात पेशवाईतल्या रास्ते सरदारांनी हे देऊळ बांधलं तेव्हा पूर येणार हे त्यांनी गृहीत धरलं होतं. पाणी अडवायचं नाही, त्याला वाट द्यायची. ते चढलं तर देवळात शिरेल, उतरलं की देऊळ धुवून घ्यायचं. सगळी रचना या एका समजुतीवर उभी आहे.

घाटाच्या पायऱ्यांचंही तसंच. लहानपणी मला त्या फक्त उतरायच्या पायऱ्या वाटायच्या. मामा मात्र त्यांच्याकडे फूटपट्टीसारखं बघायचा. पावसाळ्यात पुण्याला फोन यायचा, “गणपतीच्या पायाला पाणी लागलं,” आणि तेवढ्यावर आईला कळायचं की वर धोम धरणाकडे किती पाऊस झाला असेल, पाणी सोडलं असेल की नाही. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की खालच्या पायऱ्या उघड्या पडायच्या. त्यांचा दगड वरच्या पायऱ्यांपेक्षा वेगळा लागतो पायाला. मधोमध झिजून थोडा खोलगट झालेला, कडेला शेवाळाची काळी रेघ. आजी अनवाणी उतरायची आणि न बघता कडेची रेघ टाळायची. तिच्या पायाला घाट पाठ होता.

वाईतल्या एकेका आळीचा एकेक घाट आहे, आणि थंडीच्या अखेरीला कृष्णाबाईचा उत्सव आळीपाळीने त्या त्या घाटावर होतो. म्हणजे तोच दगड रोज धुण्याभांड्यांचा, वर्षातून एकदा उत्सवाच्या मांडवाचा, आणि पावसाळ्यात नदीचा. एका जागेचे तीन मालक, कुणीच दुसऱ्याला हाकलत नाही.

काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका शहरात, नव्याने सुशोभित केलेल्या नदीकाठावर मी आईला घेऊन गेलो. फरशी स्वच्छ, दिवे सुंदर, रेलिंग भक्कम. आई रेलिंगला धरून उभी राहिली, खाली वाकून पाहिलं आणि विचारलं, “पाण्याला हात लावायला कुठून जायचं?” मी दोन्ही बाजूंना चालून आलो. कुठूनच जाता येत नव्हतं. तिच्या पिशवीत ओंजळभर फुलं होती, ती तशीच घरी आली. नदीत फुलं टाकू नयेत हे मला पटतं, आणि तिलाही पटवता आलं असतं. पण नदीपर्यंत जाऊन तिला हात लावून डोळ्याला लावणं, यात कुणाचं काय बिघडणार होतं?

“जुनं तेवढं सोनं” असं म्हणायचंय का?

अजिबात नाही. घाट, वाडे, पार यांच्या आठवणीत रमणं सोपं असतं, पण आज शहरात लाखो माणसं राहतात, त्यांना नवं बांधावंच लागणार. आणि सिमेंट-काँक्रीटमध्येही इथलेपण आणता येतं. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी ते आपल्याच आसपास करून दाखवलंय.

नवी मुंबईत बेलापूरला ‘आर्टिस्ट व्हिलेज’ म्हणून ओळखली जाणारी वसाहत आहे, १९८०च्या दशकातली. जमीन थोडी, माणसं जास्त, पैसे कमी. अशा वेळी सरळ उत्तर असतं बहुमजली इमारती. कोरियांनी तसं केलं नाही. त्यांनी सात घरं एका लहान चौकाभोवती बसवली. चौक साधारण आठ मीटर लांब-रुंद, म्हणजे एका दारातून हाक मारली तर समोरच्या दारात ऐकू जाईल एवढा. असे तीन चौक मिळून एक थोडा मोठा चौक, आणि तसे तीन मिळून आणखी मोठा. घरातून बाहेर पडणारं मूल आधी सात घरांच्या ओळखीच्या चौकात येतं, मग एकवीस घरांच्या, मग सगळ्या वस्तीच्या. आपल्या वाड्यांत हेच होतं: खोली, पडवी, चौक, बोळ, रस्ता. एकदम घरातून हमरस्त्यावर कुणी पडत नव्हतं.

दुसरी गोष्ट त्याहून साधी. दोन घरांमध्ये एकही सामायिक भिंत ठेवली नाही. त्यामुळे पैसे साठले की शेजाऱ्याला न विचारता खोली वाढवता येते. लोकांनी ती वाढवलीच. आज तिथे गेलात तर मूळची उतरत्या कौलारू छपरांची घरं फार थोडी दिसतील. बरीच पाडून दोन-तीन मजली बंगले झालेत. काही वास्तुरचनाकारांना याचं दुःख होतं. मला नाही होत. कारण घरं बदलली तरी बरेचसे चौक टिकलेत, आणि ठिकाण चौकांनी घडवलं होतं, छपरांनी नाही. चांगला आराखडा कुठे हट्ट धरायचा आणि कुठे सोडायचा हे जाणतो.

कोरियांचीच पणजीची कला अकादमी, १९८३ सालची. मांडवीच्या काठावर एवढी मोठी संस्था उभी करायची म्हणजे नदी झाकली जाणार, असं कुणालाही वाटेल. त्यांनी इमारत बुटकी आणि लांब ठेवली, रस्त्याच्या बाजूला खांबांवरचं उघडं छत दिलं, आणि रस्त्यावरून थेट आरपार नदीपर्यंत चालत जाता येईल अशी वाट ठेवली. नाटकाचं तिकीट नसलेला माणूसही सावलीतून चालत जाऊन मांडवीच्या कडेला बसू शकतो. आत दीनानाथ मंगेशकर कला मंदिराच्या भिंतींवर व्यंगचित्रकार मारियो मिरांडा यांनी सज्जे आणि त्यातली माणसं रंगवली, त्यामुळे प्रयोग सुरू होण्याआधीच प्रेक्षागृहात गोव्याची माणसं बसलेली दिसतात. जुलै २०२३ मध्ये नूतनीकरण चालू असताना तिथल्या खुल्या रंगमंचावरचं छत कोसळलं, तेव्हा गोव्यात जो संताप उसळला तो एखाद्या सरकारी इमारतीबद्दलचा नव्हता. आपल्या घरातलं काही पडलं की होतो तसा होता.

मग नदीकाठ प्रकल्पांत अडचण कुठे येते?

इथे थोडं पाण्याचं गणित समजून घ्यावं लागतं. अवघड नाही.

आपल्या नद्या पावसावर चालतात. चार महिने भरून वाहायचं आणि आठ महिने बारीक धारेने. म्हणून नदीचं पात्र नेहमी तिच्या रोजच्या पाण्यापेक्षा कितीतरी रुंद असतं. उन्हाळ्यात कोरडी दिसणारी ती रुंद पट्टी रिकामी जमीन नव्हे. ती नदीची पावसाळ्यातली खोली आहे. एखाद्या घरात वर्षभर बंद असलेला दिवाणखाना जसा पाहुण्यांसाठी राखलेला असतो, तशी.

ही खोली कुठपर्यंत, हे सरकारदरबारी पूररेषांनी ठरवलेलं असतं. साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जिथपर्यंत पोचतो ती निळी रेषा, आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई, दोन रेषांच्या मधे निर्बंध. ‘शंभर वर्षांतून एकदा’ याचा अर्थ आज आला की पुढची ९९ वर्षं निवांत, असा नाही. दर वर्षी शंभरात एक एवढी त्याची शक्यता असते, आणि सलग दोन वर्षंही तो येऊ शकतो.

आता पात्राच्या दोन्ही बाजूंना भराव घालून भिंत किंवा बांध उभा केला की मधलं अंतर कमी होतं. पाणी तेवढंच, वाट अरुंद. बागेतल्या पाइपच्या तोंडावर बोट ठेवल्यावर जे होतं तेच इथे होतं: पाणी जोरात जातं. आणि नदीला झाकण नसल्यामुळे ते वरही चढतं. प्रकल्पांची बाजू अशी असते की पात्रातला राडारोडा आणि अडथळे काढून, तळ नीट करून, वहनक्षमता, म्हणजे पूर सामावून पुढे नेण्याची ताकद, राखता येते. काही ठिकाणी ते खरंही असेल. पण त्या हिशेबात पुढच्या पन्नास वर्षांचा पाऊस कसा धरला, उपनद्या आणि ओढ्यांचं पाणी भिंतीच्या आत कुठून येणार, हे प्रश्न उरतातच. पुण्यातला वाद बराचसा याच प्रश्नांवर आहे, नुसत्या झाडांवर नाही.

साबरमतीला जमलं, पुण्याला का नाही?

हा आक्षेप सगळ्यात जास्त ऐकू येतो, आणि तो मनापासून असतो. अहमदाबादचा साबरमती काठ २०१२ मध्ये लोकांसाठी उघडला. दोन्ही बाजूंना सुमारे साडेअकरा किलोमीटर लांबीचा, आणि आता शहराची ओळख झालेला. संध्याकाळी तिथे कुटुंबंच्या कुटुंबं फिरताना दिसतात, ते खोटं नाही. पुण्याचा आराखडाही साबरमतीचा आराखडा करणाऱ्या बिमल पटेल यांच्या एचसीपी या वास्तुरचना संस्थेनेच केलाय, त्यामुळे तुलना होणारच.

पण साबरमतीचं काय झालं ते नीट पाहू. कमी-जास्त रुंदीचं पात्र सरसकट २६३ मीटर रुंदीवर आणलं. त्यातून दोन्ही काठांवर मिळून सुमारे २०० हेक्टर जमीन निघाली. आज शहरातल्या पट्ट्यात जे पाणी दिसतं ते मुख्यतः नर्मदेच्या कालव्यातून आणलेलं आहे, आणि खाली वासणा इथल्या बंधाऱ्याने ते अडवून धरलंय. म्हणजे तिथे वाहत्या नदीऐवजी लांबट तलाव झालाय. काठावरच्या हजारो झोपड्या हलवल्या गेल्या, पात्रातला रविवारचा जुना गुजरी बाजार दुसरीकडे नव्याने बसवावा लागला.

पुणं वेगळं आहे. मुठा आणि मुळा सह्याद्रीतून निघतात आणि डोंगर सोडून थोडं अंतर चालतात न चालतात तोच शहरात येतात. वर खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही धरणं. ती भरली की पाणी सोडावंच लागतं, आणि ते काही तासांत शहरात पोचतं. १२ जुलै १९६१ या तारखेबद्दल पुण्यातल्या जुन्या माणसांना काही सांगावं लागत नाही. पानशेत फुटलं, त्यापाठोपाठ खडकवासला फुटलं आणि नदीकाठच्या पेठा वाहून गेल्या. फार लांब जायलाही नको. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत रातोरात घरांत पाणी शिरलं, तेव्हा माझ्या ओळखीच्या एका घरातून आम्ही दोन दिवस चिखल काढत होतो. भिंतीवर पाण्याची रेघ माझ्या छातीपर्यंत होती.

शिवाय पुण्याच्या नदीचे काठ अजून अनेक ठिकाणी जिवंत आहेत. वाळुंज, करंज, उंबर, जांभूळ असली पाण्याकाठची झाडं, त्यांच्या मुळांत अडकलेला गाळ, उथळ पाण्यात उभे बगळे, खडकावर शेपूट हलवत फिरणारे धोबी पक्षी, येरवड्याच्या बाजूचं सलीम अलींच्या नावाचं पक्षी अभयारण्य. राम नदी मुळेला मिळते तिथला हिरवा पट्टा लोकांनी जीव तोडून जपायला घेतलाय तो त्यामुळेच. ओल्या मातीचा उतार असतो तिथे पाणी आणि जमीन यांच्या मधे एक तिसरी जागा असते, थोडी ओली, थोडी कोरडी, रोज बदलणारी. सगळं जीवन त्या पट्ट्यात असतं. उभी भिंत बांधली की तो पट्टाच नाहीसा होतो. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला फरशी, मधे रेघ.

“पण तिथे आधी कचराच तर होता!”

हो, होता. आणि आहे. नदीत मैलापाणी आहे, काठावर राडारोड्याचे ढीग आहेत, रात्री तिकडे जायला भीती वाटते. हे झाकून ‘निसर्गाला हात लावू नका’ म्हणणं अप्रामाणिकपणाचं होईल. नदीकाठच्या वस्तीत राहणाऱ्या बाईला तिथे दिवे हवेत, स्वच्छतागृह हवं, पोरांना खेळायला मैदान हवं. तिची मागणी सगळ्यात आधी येते.

पण स्वच्छ करणं आणि टणक करणं ही दोन वेगळी कामं आहेत. पुण्यात मैलापाणी शुद्धीकरणासाठी जपानच्या मदतीने वेगळा प्रकल्प चालू आहे. खरी नदी सुधारणा ती. ते पाणी स्वच्छ होण्याआधी काठ सजवणं म्हणजे आजारी माणसाला औषधाआधी नवे कपडे घालणं. राडारोडा उचलायला भिंत लागत नाही. दिवे लावायला वाळुंज तोडावी लागत नाही.

माणसाने बनवलेला काठ कधीच आपला वाटत नाही, असंही मी म्हणणार नाही. दक्षिण कोरियातल्या सोल शहरातला चोंग्येचोन ओढा बघा. शहराच्या मधोमध तो काँक्रीटखाली गाडला होता आणि त्यावर उड्डाणपूल होता. पूल पाडून २००५ मध्ये सुमारे पावणेसहा किलोमीटरचा ओढा पुन्हा उघडा केला. आज त्यातलं बरंचसं पाणी हान नदीतून पंपाने आणलेलं आहे, म्हणजे तोही अस्सल ओढा नाही. तरी तिथल्या लोकांनी तो आपला मानला, कारण मोटारींची जागा काढून पाण्याला दिली, आणि लोकांना ओढ्यातल्या दगडांवरून पलीकडे जाता येतं, पाण्यात पाय सोडून बसता येतं. आपल्याकडे नाशिकला उलटं झालं. कुंभमेळ्याच्या सोयीसाठी गोदावरीच्या पात्रात काँक्रीट ओतलं, त्याखाली जुनी कुंडं आणि जिवंत झरे गेले, आणि ते काँक्रीट काढा म्हणून नागरिकांना न्यायालयाची पायरी चढावी लागली. दोन्हीकडे काँक्रीटच होतं. एकीकडे ते काढलं, दुसरीकडे ओतलं.

“गर्दी होते, म्हणजे लोकांना आवडलं”

मोकळ्या जागेची आपल्या शहरांत इतकी टंचाई आहे की कुठेही चार झाडं आणि बाक ठेवले तरी गर्दी होणारच. उपाशी माणूस जेवला म्हणून स्वयंपाक चांगला झाला असं ठरत नाही. गर्दी मोजण्याऐवजी तिथे कोण नाही ते बघावं. परीट होते, ते कुठे गेले? म्हशी धुणारे, गळ टाकून बसणारा, दशक्रियेला आलेलं कुटुंब, भाजलेल्या शेंगा विकणारी बाई? फाटक किती वाजता बंद होतं? तिकीट आहे का? पायऱ्यांऐवजी उतार आहे का, म्हणजे चाकाच्या खुर्चीतला माणूस पाण्यापर्यंत जाऊ शकेल?

मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवरचा समुद्रकाठ रहिवाशांनी पुढाकार घेऊन, वास्तुरचनाकार पी. के. दास यांच्या मदतीने घडवला. तिथे फाटक नाही, तिकीट नाही, आणि खारफुटी जागेवर आहे. त्यामुळे तिथे धावणारा, कॉलेजातली जोडपी आणि मासे वाळवणाऱ्या गावठाणातली माणसं एकाच काठावर दिसतात.

झाडंही गाव सांगतात

हा मुद्दा छोटा आहे पण माझ्या जिव्हाळ्याचा. नवं उद्यान कुठलंही घ्या: हिरवळीचा गालिचा, रॉयल पामची रांग, कडेला कातरलेलं कुंपण. हे फोटोत बघून गाव ओळखून दाखवा. कोनोकार्पस नावाचं परदेशी झाड तर लवकर वाढतं म्हणून देशभर रस्तोरस्ती लावलं गेलं; शेवटी २०२३ मध्ये गुजरात सरकारला त्याच्या लागवडीवर बंदी आणावी लागली. याउलट पळस, पांगारा, बहावा, करंज, ताम्हण यांना सांभाळायला पाणी कमी लागतं, आणि त्यांच्यामुळे ऋतू कळतो. फाल्गुनात पळस पेटला की कॅलेंडर लागत नाही. देशावर काळा बेसाल्ट, कोकणात जांभा हेही तसंच. पावसाने काळ्या दगडाचा रंग गडद होतो, जांभ्यावर शेवाळ धरतं, आणि भिंतीवरून कळतं की आपण घाटाच्या वर आहोत की खाली. स्थानिक दगड आणि झाड महाग पडतं असं सांगतात, पण हिरवळ कापायला आणि पाणी घालायला दरवर्षी जे लागतं ते त्या हिशेबात धरलेलं नसतं.

आराखडा समोर आला तर काय बघायचं

मोठ्या प्रकल्पांत कधीतरी महापालिका हरकती-सूचना मागवते, प्रदर्शन भरवते. तिथे भिंतीवर लावलेली मोठी रंगीत चित्रं असतात. निळं आकाश, भरलेली संथ नदी, फुगे घेतलेली मुलं. ती संगणकावर बनवलेली असतात आणि त्यांत नेहमी डिसेंबरची दुपार असते. त्यांच्यापुढे फार वेळ थांबू नका.

तिथल्या अभियंत्याला सांगा, “मला छेद दाखवा.” छेद म्हणजे आडवं कापलेल्या पपईसारखं चित्र: या काठापासून त्या काठापर्यंत जमीन कशी आहे, तळ कुठे, पायऱ्या किती, भिंत किती उंच, झाड कुठे, हे सगळं त्यात एका रेषेत दिसतं. आताचा छेद आणि नंतरचा छेद शेजारी ठेवायला सांगा. निळी आणि लाल रेषा त्यावर काढून मागा. जे झाड जातंय त्यावर बोट ठेवा आणि नाव विचारा. तुमच्या घरापासून पाण्यापर्यंत बोटाने चालून बघा, कुठे अडतंय का.

पुण्यात अजून एक मोजपट्टी सगळ्यांना ठाऊक आहे: मुठेच्या पात्रातला बुटका भिडे पूल. पावसाळ्यात बातमी येते, “भिडे पूल पाण्याखाली गेला,” आणि डेक्कनपासून नारायण पेठेपर्यंत प्रत्येकाला समजतं की खडकवासल्यातून किती सोडलंय, गाडी कुठून घालायची, नदीपात्रातली वाहनं काढायची की नाही. मामाच्या त्या फोनचंच हे शहरी रूप. त्या छेदाच्या चित्रात जुलैचं पाणी काढून द्या म्हणावं, आणि विचारावं: नव्या काठावर उभ्या असलेल्या माणसाला पाणी वाढतंय हे कोणत्या पायरीवरून कळणार?